घडियालाचा सख्खा कोण? लॅपटॉपवर मांडायची मगरींची वंशावळ

घडियाल आणि टोमिस्टोमा यांचे फोटो शेजारी ठेवा. एक गंगा-चंबळचा, दुसरा मलेशिया-इंडोनेशियाच्या दलदलीतला. तोंडं दोघांचीही लांब आणि निमुळती. हाडं आणि जीवाश्म तपासणारे अभ्यासक म्हणत, हे साम्य वरवरचं आहे, मासे पकडण्याच्या सवयीतून आलेलं. टोमिस्टोमा मगरींच्या कुळातला, आणि घडियाल मात्र सगळ्यांच्या आधी वेगळा झालेला. 1980च्या दशकात प्रथिनांची आणि पुढे डीएनएची तुलना झाली, तेव्हा हेच दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग निघाले. हा निकाल चिंचवड-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुणालाही सुट्टीच्या दिवशी घरी बसून पडताळता येतो.

आधी एक ताकीद. नमुने आणायला नदीवर जाऊ नका. भिलवडी-औदुंबरच्या कृष्णेतली काय किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीतली काय, मगर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972च्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय तिचं अंडं किंवा कातड्याचा तुकडाही जवळ बाळगता येत नाही. त्याची गरजही नाही, कारण जगभरच्या प्रयोगशाळांनी वाचलेले डीएनएचे क्रम एनसीबीआय या संस्थेच्या जेनबँक संग्रहात फुकट मिळतात.

साहित्य थोडंच: लॅपटॉप, इंटरनेट, 'मेगा' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक वही. वही वगळू नका.

सुरुवात प्राणी निवडण्यापासून. आपली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर, सयामी मगर, नाईलची मगर, घडियाल, टोमिस्टोमा, अमेरिकन आणि चिनी अ‍ॅलिगेटर, एखादा केमन, एवढे पुरेत. यांच्याबरोबर कोंबडी आणि शहामृग घ्याच. मगरींचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे नातलग पक्षी आहेत. दोन्ही घराणी सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. शॉपफ्लोअरवर डेटम, म्हणजे मापं जिथून घ्यायची तो संदर्भ, चुकला की पुढची सगळी मापं चुकतात. इथे डेटम म्हणजे हे पक्षी. ते नसतील तर वंशावळीच्या झाडाचं मूळ कुठे, हेच कळणार नाही.

आता जेनबँकेत प्रत्येकाचं शास्त्रीय नाव इंग्रजी अक्षरांत टाका. आपल्या मगरीचं क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस, घडियालाचं गॅव्हिएलिस गँजेटिकस. नावापुढे 'सायटोक्रोम बी' जोडा. हा मायटोकॉन्ड्रियातला जनुक सुमारे साडेअकराशे अक्षरांचा असतो आणि जवळजवळ सगळ्या जातींचा उपलब्ध आहे. तीन-चारशे अक्षरांचे तुकडे भरपूर सापडतील, त्यांचा मोह टाळा. पूर्ण जनुक सुटा मिळत नसेल, तर त्या प्राण्याचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम उघडून त्यातून हा भाग घ्या. क्रम 'फास्टा' स्वरूपात उतरवा, वरची लांबलचक शीर्षकं काढून छोटी नावं द्या, आणि प्रत्येक नोंदीचा क्रमांक वहीत लिहा.

फाइल मेगामध्ये उघडा. इथे घाई करणारे हमखास अडकतात. डीएनएचं प्रथिनात भाषांतर करणाऱ्या टॅबवर गेलात की ओळीओळीत मधेच तारे दिसतात, म्हणजे प्रथिन तिथे संपलं असं सॉफ्टवेअर सांगतं. क्रम बिघडलेला नसतो. नेहमीच्या संकेतात टीजीए ही तीन अक्षरं 'थांबा' सांगतात, पण पृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात त्यांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. संकेताच्या यादीतून पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा संकेत निवडा, मधले तारे जातील. तरीही एखाद्या ओळीत राहिले, तर वाचन एक-दोन अक्षरांनी सरकलं आहे का ते बघा. तसंही नसेल, तर तो क्रम केंद्रकात घुसलेली जनुकाची निकामी प्रत असू शकतो. तो टाकून दुसरा घ्या.

मग मेगातल्या 'मसल' या जुळणीच्या पद्धतीने, कोडॉनचा (तीन-तीन अक्षरांच्या गटाचा) पर्याय निवडून, सगळे क्रम एकाखाली एक जुळवा. मोकळ्या जागा तीनच्या पटीत आहेत ना, ते डोळ्यांनी तपासा आणि दोन्ही टोकांचे अर्धवट भाग छाटा.

झाड काढण्याआधी प्रत्येक जोडीतल्या फरकांचा तक्ता काढा. दोन वेगळ्या जातींमध्ये शून्य फरक दिसला, तर बहुधा एकच क्रम दोनदा चिकटवला आहे.

पुढचं काम यंत्राचं. डीएनएची अक्षरं कशी बदलतात याचं योग्य प्रारूप कोणतं ते मेगालाच शोधू द्या. बीआयसी या निकषाचा आकडा सर्वांत कमी असेल ते घ्या. मग 'मॅक्सिमम लाइकलीहूड' पद्धतीने झाड काढा आणि बूटस्ट्रॅप (फांदी किती वेळा पुन्हा येते याची चाचणी) 1,000 ठेवा. जुन्या लॅपटॉपवर वेळ लागेल. झाड आलं की मूळ पक्ष्यांच्या फांदीवर ठेवा.

अ‍ॅलिगेटर आणि केमन एका बाजूला जायला हवेत. आपली, खाऱ्या पाण्यातली आणि सयामी या तिन्ही मगरी बहुधा जवळजवळ दिसतील. घडियालाशेजारी टोमिस्टोमा आला का बघा, आणि त्या फांदीवरचा बूटस्ट्रॅपचा टक्क्यांतला आकडा वाचा. 70च्या खाली असेल तर त्या फांदीवर फार विसंबू नका. कोडॉनचं तिसरं अक्षर फार भराभर बदलतं, जुनी नाती त्यात पुसली जातात. ते वगळून झाड पुन्हा काढा. दोन्ही झाडांत जोडी टिकली तर ठीक.

एका जनुकावर मात्र थांबू नये. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. थायलंडच्या मगरपालन केंद्रांत सयामी आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा संकर झालेला आहे. तिथल्या पिल्लाचा मायटोकॉन्ड्रिया त्याचा बाप कोण हे सांगणार नाही. म्हणून आरएजी-1सारखा केंद्रकातला जनुक घेऊन, आणि यावेळी भाषांतराचा नेहमीचा संकेत निवडून, सगळी कृती पुन्हा करा. अमेरिकन अ‍ॅलिगेटर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल यांचे संपूर्ण जीनोम 2014 साली 'सायन्स'मध्ये आले, तेही खुले आहेत. कृष्णेतल्या आणि वाशिष्ठीतल्या मगरी एकमेकींपासून किती दुरावल्या, हा प्रश्न मात्र या कृतीने सुटायचा नाही; एकाच जातीतले फरक मोजायला वेगळे सूचक लागतात, आणि परवानगी घेऊन घेतलेले नमुनेही.

जीवाश्मांचं भांडणही अजून पूर्ण मिटलेलं नाही. घडियालासारखी लांब तोंडाची हाडं सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत सापडतात, तर डीएनए ही जोडी त्याहून बरीच अलीकडे फुटली म्हणतो. माझा कौल नात्याबाबत डीएनएला आहे, तारखांबाबत नाही.

झाड कुणाला दाखवाल तेव्हा फांद्यांवरचे आकडे खोडू नका, आणि वहीतले नोंद क्रमांक सोबत द्या.