न मोजलेले सामने

आपण ज्या खेळाला फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ असे म्हणतात. तेथे ‘फुटबॉल’ हे नाव दुसऱ्याच एका खेळाला मिळालेले आहे. त्यातील चेंडू लांबट असतो आणि तो बहुधा हातांनीच खेळवला जातो. सॉकरचा चेंडू मात्र आपल्या ओळखीचा, वाटोळा. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू, दोन टोकांस दोन गोल आणि चेंडूवर सत्ता पायांची. असा हा आपल्या परिचयाचाच खेळ होय.

अमेरिकेतील महाविद्यालयांत व विद्यापीठांत हा खेळ मोठ्या हौसेने खेळला जातो. महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणारी एक राष्ट्रीय संघटना तेथे 1906 साली स्थापन झाली. तिने 1959 मध्ये मुलांच्या आणि 1982 मध्ये मुलींच्या संघांसाठी राष्ट्रीय सॉकर स्पर्धा सुरू केली. खेळाचा मुख्य हंगाम पानगळीच्या ऋतूत येतो. ऑगस्टच्या अखेरीस सामन्यांना आरंभ होतो आणि डिसेंबरात, थंडी कडक होऊ लागली असता, राष्ट्रीय विजेता ठरतो. या तीन-साडेतीन महिन्यांत प्रत्येक विजयाची आणि प्रत्येक पराजयाची नोंद होते. वर्तमानपत्रे गोल मोजतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि गुणांच्या तक्त्यात कोण वर आहे, कोण खाली आहे, याची सर्वत्र चर्चा चालते.

पण हिवाळा ओसरून वसंत ऋतू आला, की याच मैदानांवर आणखी काही सामने खेळले जातात. अनेक दशके चाललेली ही रीत आहे. हे सामने संख्येने मोजकेच असतात. समोर कधी शेजारच्या गावचे महाविद्यालय असते, तर कधी एखादा हौशी क्लब. पंच असतात, शिट्टी असते, गोलही होतात. परंतु यांतील जय-पराजय संघाच्या वर्षाच्या हिशेबात धरला जात नाही. हे केवळ मित्रत्वाचे, सरावाचे सामने.

मग असे सामने खेळावयाचे तरी कशासाठी? ज्या परीक्षेचे गुण कोठेच लिहिले जाणार नाहीत, ती परीक्षा द्यावी कोणी आणि का?

याचे पहिले उत्तर पानगळीच्या हंगामातच सापडते. त्या थोड्या महिन्यांत संघाला अठरा-वीस सामने खेळावे लागतात. पुष्कळदा एकाच आठवड्यात दोन सामने येतात. एक सामना संपला, की थकलेल्या पायांना विश्रांती द्यावी आणि लगेच पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा विचार करावा, यातच दिवस निघून जातात. नवे काही शिकण्यास तेव्हा सवड कोठून मिळणार? जे आधी येत असेल, तेच त्या वेळी कामास येते. शेतकरी सुगीच्या दिवसांत नांगरणी करीत नाही. नांगरणी पूर्वीच व्हावी लागते. महाविद्यालयीन सॉकरची नांगरणी वसंतात होते.

दुसरे कारण असे, की महाविद्यालयाचा संघ कधी स्थिर राहतच नाही. साधारणपणे विद्यार्थी चार हंगाम खेळतो आणि पदवी घेऊन निघून जातो. त्यामुळे डिसेंबरात शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा खेळ संपला, म्हणजे संघात एकदम मोठी पोकळी पडते. एके वर्षी गोलरक्षक जातो, तर एके वर्षी मधल्या फळीचा आधारच नाहीसा होतो. त्या जागा कोण भरणार, हे वसंतात पाहावयाचे असते. कधी कधी खेळाडू इतके कमी उरतात, की अकरांऐवजी सात-सात जणांचे सामने भरवावे लागतात. उलटपक्षी, खेळाडू पुष्कळ असतील, तर दोन्ही संघांचे प्रशिक्षक आपसांत ठरवून सामन्याचे तीस-तीस मिनिटांचे तीन भाग करतात, म्हणजे सर्वांना मैदानात उतरता येते. ज्यांनी संपूर्ण हंगाम बाजूच्या बाकावर बसून काढला, त्यांच्या दृष्टीने हे अर्धे तास फार मोलाचे असतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी आहे. ती वाऱ्यासारखी धावते, म्हणून लहानपणापासून आघाडीच्या फळीत खेळत आली आहे. परंतु या संघात तिच्याहून सरस असे आघाडीचे खेळाडू असल्यामुळे तिला खेळावयास फारसे मिळालेले नाही. इकडे बचाव फळीतील डाव्या बाजूची खेळाडू पदवी घेऊन गेली. प्रशिक्षक या मुलीस म्हणतात, “वसंतात तू ती जागा सांभाळून पाहा.”

पहिल्याच सामन्यात काय होते? चेंडू दिसताच ती सवयीने पुढे धावते. तिच्या पाठीमागे मोकळी जागा पडते आणि तेथून प्रतिपक्ष दोन गोल करतो. हाच सामना पानगळीच्या हंगामातील असता, तर प्रशिक्षकांना तिला लगेच बाहेर बोलवावे लागले असते. कारण तिची एक चूक संपूर्ण संघाला भोवली असती. वसंतात मात्र ते तिला मैदानातच राहू देतात. मध्यंतरात रागे न भरता ते तिला एवढेच विचारतात, “चेंडू पलीकडे होता तेव्हा तुझ्या पाठीशी कोण उभे होते?” तिला उत्तर देता येत नाही. त्या न आलेल्या उत्तरातूनच तिचे शिक्षण सुरू होते. पुढे तीन-चार सामन्यांत ती अंग किंचित तिरके ठेवून उभी राहावयास शिकते, म्हणजे एका नजरेत चेंडू आणि प्रतिस्पर्धी दोन्ही दिसतात. केव्हा धावावे यापेक्षा केव्हा धावू नये, हे तिला कळू लागते.

कदाचित ती ही जागा मिळवील. कदाचित मिळवणारही नाही. मैदानावर जागा अकराच आणि संघातील खेळाडू पंचवीस-तीस. कोणाला तरी पुन्हा बाकावर बसावे लागणार, हे ठरलेलेच असते. परंतु आपले बलस्थान कोठे आहे आणि उणीव कोठे आहे, हे तिला ऑगस्टपूर्वी समजलेले असते. तिच्या मैत्रिणींनीही असेच काही ना काही हाती घेतलेले असते. एखादीचा डावा पाय कच्चा असतो, म्हणून ती मुद्दाम डाव्या पायानेच चेंडू देते. एखादी, आलेला चेंडू नुसता न थांबवता, पहिल्याच स्पर्शाने आपल्या पुढच्या पावलाच्या दिशेने कसा घ्यावा, याचा अभ्यास करते. चुका तर होतातच. पण चुकीची शिक्षा संघाला भोगावी लागत नसल्याने धाडस करता येते.

येथे एक शंका मनात येते. ज्या सामन्यांना हिशेब नाही, त्यांत धाडसाप्रमाणे आळसही सहज शिरेल. “आजचा सामना मोजायचाच नाही, मग जीव तोडून धावायचे कशाला?” असे म्हणणारा खेळाडू संपूर्ण वसंत मैदानावर असूनही काही शिकणार नाही. हा धोका ओळखून त्यावर उपाय योजणाऱ्या एका प्रशिक्षकाची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

त्यांचे नाव अ‍ॅन्सन डोरन्स. त्यांचा जन्म 1951 मध्ये आपल्या मुंबईत झाला, ही आपणांस कौतुकाची वाटावी अशी गोष्ट आहे. त्यांचे बालपण आशिया, आफ्रिका आणि युरोप या खंडांतील निरनिराळ्या देशांत गेले. पुढे ते अमेरिकेतील चॅपेल हिल येथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकले आणि तेथेच प्रशिक्षक झाले. मुलींचा सॉकर संघ 1979 मध्ये त्यांच्या हाती आला. 1982 मध्ये मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती याच संघाने जिंकली. 2024 मध्ये डोरन्स निवृत्त झाले, तोपर्यंत त्या स्पर्धेतील 21 विजेतेपदे त्यांच्या संघाने मिळवली होती.

याच विद्यापीठात डीन स्मिथ नावाचे बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक होते. त्यांच्या सरावाच्या वेळी प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीची टिपणे घेतली जातात, हे डोरन्स यांनी पाहिले. ती रीत त्यांनी आपल्या संघात आणली. एकास एक अशा झुंजीत कोण किती वेळा जिंकले, गोलवर मारलेले चेंडू किती अचूक गेले, डोक्याने चेंडू मारण्यात कोण सरस ठरले, धावण्यात कोण टिकले, या सर्वांची नोंद होऊ लागली आणि प्रत्येकीचा क्रमांक सर्वांना दिसेल असा लावला जाऊ लागला. या पद्धतीला जे नाव पडले, त्याचा अर्थ ‘स्पर्धेची कढई’ असा होतो. जगाच्या हिशेबात न धरलेल्या सरावाचा हिशेब खेळाडूच्या स्वतःच्या हाती देणारी ही युक्ती होती. आपला क्रमांक कालच्यापेक्षा वर गेला की खाली, हे प्रत्येकीस रोज दिसे. ज्या मुलीचे नाव तळाशी असे, तिला ते पाहून वाईट वाटे, यात संशय नाही. पण काय सुधारावयाचे, हेही तिला तेथेच वाचावयास मिळे.

तथापि प्रशिक्षकाने ठेवलेल्या हिशेबालाही मर्यादा असते. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, या जाणिवेने संघटनेने सरावाच्या तासांवर बंधन घातले आहे. हंगाम चालू असता आठवड्यास 20 तास आणि हंगाम नसता केवळ 8 तास, असा तिचा नियम आहे. म्हणजे वर्षातील बराचसा काळ प्रशिक्षक जवळ नसतो. त्या वेळी काय करावयाचे, हे खेळाडूनेच ठरवावे लागते.

मिया हॅम ही 1989 मध्ये डोरन्स यांच्या संघात आली. ती त्या वेळी विद्यापीठात शिकत होती. फेब्रुवारीतील एका गारठलेल्या सकाळी डोरन्स कामावर निघाले होते. वाटेत एका ओसाड मैदानावर एकटीच कोणी मुलगी धावताना त्यांना दिसली. ती थोडे अंतर जिवाच्या आकांताने धावे, मागे फिरे आणि पुन्हा धावे. दम लागला म्हणजे वाकून उभी राही. ती मिया होती. त्या दिवशी सामना नव्हता, संघाचा सराव नव्हता, आणि कोणी आपल्याला पाहत आहे, याची तिला कल्पनाही नव्हती. डोरन्स यांनी नंतर तिला एक चिठ्ठी लिहिली. कोणी पाहत नसताना जी घाम गाळते, तीच खरी विजेती, असा तिचा आशय होता.

1991 मध्ये चीनमध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षक डोरन्स हेच होते आणि एकोणीस वर्षांची मिया त्या संघात होती. अंतिम सामन्यात नॉर्वेवर 2-1 असा विजय मिळवून अमेरिकेने तो चषक जिंकला. पुढे 2004 मध्ये निवृत्त होईपर्यंत मियाने आंतरराष्ट्रीय सामन्यांत 158 गोल केले. त्या वेळी जगातील कोणाही स्त्री वा पुरुष खेळाडूच्या नावावर इतके आंतरराष्ट्रीय गोल नव्हते. हे गोल सर्वांनी मोजले. त्या गारठलेल्या सकाळी मिया किती वेळा धावली, याची नोंद मात्र कोठेही नाही.

आपल्या देशातील कलावंतांची व मल्लांचीही रीत अशीच आहे. मैफलीत माना डोलावणाऱ्या श्रोत्यांनी गवयाचा पहाटेचा रियाज ऐकलेला नसतो. कुस्तीचा फड पाहावयास गावोगावची माणसे लोटतात. पण तालमीच्या लाल मातीत वर्षभर काढलेले जोर आणि बैठका पाहावयास कोणी जात नाही. तरीही मैफल रंगते ती त्या रियाजावर आणि फड जिंकला जातो तो त्या मेहनतीवर.

चॅपेल हिल येथे एप्रिलमध्ये डॉगवूडच्या झाडांना पांढरी फुले येतात. त्या दिवसांत मैदानावर एखादा वसंतातील सामना संपतो. कोणी जिंकलेले असते, कोणी हरलेले असते. दुसऱ्या दिवशी तो निकाल कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण डाव्या पायाने पहिल्यांदाच नेमका चेंडू दिलेली मुलगी तो दिवस विसरत नाही. ऑगस्टमध्ये प्रेक्षक मैदानावर परत येतील, तेव्हा तिने तसाच चेंडू दिलेला पाहून ते म्हणतील, “हिला हे कसे सहज जमते!”

स्वाध्याय

1. महाविद्यालयीन खेळाडूंना पानगळीच्या हंगामात नवे काही शिकण्यास सवड का मिळत नाही?
2. बचाव फळीत प्रथमच खेळणाऱ्या मुलीस प्रशिक्षकांनी मैदानाबाहेर का बोलावले नाही? मध्यंतरात त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा तिला काय उपयोग झाला?
3. ‘स्पर्धेची कढई’ म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा. या पद्धतीत तुम्हांस काय आवडले आणि काय कठीण वाटले?
4. ‘जिवाच्या आकांताने’, ‘घाम गाळणे’, ‘माना डोलावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. कोणी पाहत नसताना तुम्ही मन लावून केलेल्या एखाद्या कामाविषयी दहा ओळी लिहा.