गुरुत्वाकर्षणाचीं उदाहरणें कशीं सोडवावींत?



शाळेचा अभ्यासक्रम पुरा करून जे विद्यार्थी महाविद्यालयांत शास्त्रशाखेकडे जातात, त्यांना पदार्थविज्ञानांत पहिली ठेंच बहुधा गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणांत लागते. सूत्र त्यांस मुखोद्गत असतें, गुणाकार-भागाकारही बिनचूक असतात. तरी उत्तर मात्र चुकतें. असें कां व्हावें, व ही ठेंच कशी टाळावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम नियम पाहूं. इ. स. १६८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथांत न्यूटननें असें प्रतिपादिलें कीं, विश्वांतील प्रत्येक वस्तु दुसऱ्या प्रत्येक वस्तूस आपणाकडे ओढते. हें बल दोन्ही वस्तूंच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणांत, आणि त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें. म्हणजे अंतर दुप्पट केलें तर बल निम्में होत नाहीं, चतुर्थांश होतें. तिप्पट केलें तर नवमांश होतें. सूत्ररूपानें लिहावयाचें तर,

बल = गु × पहिलें वस्तुमान × दुसरें वस्तुमान ÷ अंतराचा वर्ग.

यांतील ‘गु’ हा गुरुत्वस्थिरांक होय. वस्तुमान किलोग्रॅममध्यें, अंतर मीटरमध्यें व बल न्यूटनमध्यें मोजल्यास त्याची किंमत ०.००००००००००६६७ इतकी येते. दशांशचिन्हापुढें दहा शून्यें आहेत, हें नीट पाहून ठेवा.

पहिलें उदाहरण. प्रत्येकीं ५० किलोग्रॅम वस्तुमानाचे दोन विद्यार्थी एकमेकांपासून १ मीटर अंतरावर बसले आहेत. त्यांच्यामधील आकर्षण किती?

वस्तुमानांचा गुणाकार २५००. अंतराचा वर्ग १. म्हणून बल ०.००००००१६७ न्यूटन. (विद्यार्थ्यांस येथें आपण बिंदुवत् मानिलें आहे; उत्तर अदमासाचें समजावें.) हें बल मोहरीच्या एका दाण्याच्या वजनाच्या जेमतेम शतांशाइतकें भरतें. आपले शेजारी आपल्याकडे ओढले जात नाहींत याचें कारण नियम खोटा आहे हें नव्हे. आपण फार हलके आहों, हें आहे. पृथ्वीसारखें प्रचंड वस्तुमान पुढें आलें म्हणजेच हें बल आपल्या अनुभवास येतें.

दुसरें उदाहरण. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ४०० किलोमीटर उंचीवर ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसावर पृथ्वीचें किती बल असेल? पृथ्वीची त्रिज्या ६,३७० किलोमीटर धरावी.

हें उदाहरण सोडविलेली एक वही मागें माझ्या हातीं आली होती. अक्षर सुंदर, मांडणी स्वच्छ, आणि उत्तर सुमारें १,४९,००० न्यूटन! म्हणजे जमिनीवर ५८८ न्यूटन वजन असलेला मनुष्य वर जातांच पंधरा टनांहून अधिक भरला. विद्यार्थ्यानें आकडेमोडींत एकही चूक केली नव्हती. त्यानें अंतराच्या जागीं ४०० किलोमीटर घातले होते, इतकेंच. त्याला बिचाऱ्याला वाटलें, अंतर म्हणजे उंची.

सर्वांत मोठी ठेंच ती हीच. पृथ्वीसारख्या गोल वस्तूचें आकर्षण बाहेरील वस्तूवर असें घडतें कीं, जणूं तिचें सारें वस्तुमान तिच्या मध्यबिंदूंत एकवटलें आहे. म्हणून अंतर नेहमीं मध्यबिंदूपासून मोजावें, पृष्ठभागापासून मोजूं नये. प्रस्तुत उदाहरणांत अंतर ६,३७० + ४०० = ६,७७० किलोमीटर. आतां लांबलचक आकड्यांची गरजच उरत नाहीं. जमिनीवरील बलाशीं प्रमाण मांडा: ६,३७० ÷ ६,७७० = ०.९४१, त्याचा वर्ग ०.८८५. म्हणून बल ५८८ × ०.८८५ = सुमारें ५२० न्यूटन.

येथें कोणी विचारील, ‘एवढ्याच उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकांत माणसें तरंगतांना दिसतात, मग तेथें आकर्षण कसें असेल?’ प्रश्न उत्तम आहे. विहिरीच्या कांठावरून भरलेली घागर हातांतून सुटली, तर खालीं जात असतां आंतील पाणी तिच्या तळावर भार घालीत नाहीं. कारण घागर व पाणी दोन्हीं एकाच त्वरणानें पडत असतात. तें स्थानक व आंतील माणसें अशींच एकत्र पडत असतात. मात्र आडवा वेग फार मोठा असल्यामुळें तीं जमिनीवर न आदळतां पृथ्वीभोंवतीं फिरत राहतात. आकर्षण तेथें आहेच. भार तेवढा जाणवत नाहीं.

तिसरें उदाहरण. चंद्राचें वस्तुमान पृथ्वीच्या सुमारें एक-एक्याऐंशींश व त्रिज्या सुमारें तीन-अकरांश आहे. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचें चंद्रावर वजन किती?

येथेंही प्रमाणच मांडावें. वस्तुमानामुळें बल ८१ पटींनीं घटतें. अंतर कमी झाल्यामुळें तें अकरा-तृतीयांशाच्या वर्गाइतक्या, म्हणजे १२१ ÷ ९ पटींनीं वाढतें. एकूण गुणोत्तर १२१ ÷ ७२९, म्हणजे जवळजवळ एक-षष्ठांश. म्हणून वजन ५८८ ÷ ६ = ९८ न्यूटन.

परंतु त्या माणसाचें वस्तुमान मात्र ६० किलोग्रॅमच राहील. वस्तुमान म्हणजे वस्तूंतील द्रव्याचा सांठा; वजन म्हणजे त्यावर होणारी ओढ. वाण्याचा तराजू चंद्रावर नेला तरी एक किलो साखर एक किलोच भरेल, कारण साखर व वजनाचें माप या दोहोंवरील ओढ सारखीच घटते. ताणकाटा नेला तर तो मात्र षष्ठांश दाखवील. हा भेद ज्याला कळला, त्याची निम्मी अडचण दूर झाली.

आतां उत्तर तपासण्याविषयीं. इ. स. १७९८ मध्यें हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानें आपला प्रसिद्ध प्रयोग जाहीर केला. बारीक तारेनें टांगलेल्या दांडीच्या दोन टोकांस शिशाचे लहान गोळे लावून, त्यांजवळ प्रत्येकीं सुमारें १५८ किलोग्रॅमचे मोठे गोळे त्यानें आणले, व दांडी किती वळते तें मोजलें. स्वतःच्या शरीराच्या उष्णतेनें खोलींतील हवा हलूं नये म्हणून तो बाहेर राहून दुर्बिणींतून पाहात असे. यावरून त्यानें पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट ठरविली. याच मार्गानें पुढें ‘गु’ची किंमत व पृथ्वीचें वस्तुमान, म्हणजे सहावर चोवीस शून्यें इतके किलोग्रॅम, हातीं आलें.

इतक्या सावध पुरुषाच्या हातूनही सरासरी काढतांना साधी बेरजेची चूक झाली होती! पुढें फ्रान्सिस बेली यानें तेच आकडे पुन्हां तपासले, तेव्हां सरासरी ५.४४८ भरली. आज ही घनता ५.५१ मानितात. जेथें कॅव्हेंडिशला फेरतपासणीची गरज होती, तेथें आपणांस ती नाहीं असें कोण म्हणेल?

तेव्हां मित्रहो, तीन गोष्टी अंगीं बाणवा. आधीं आकृति काढून अंतर मध्यबिंदूपासून मोजा. मग शक्य तेथें प्रमाण मांडा. शेवटीं आलेलें उत्तर वाचून स्वतःस विचारा, ‘हें घडूं शकेल काय?’ पंधरा टनांच्या माणसाची वही लिहिणाऱ्यानें हा एक प्रश्न विचारला असता, तर चूक त्याची त्यालाच सांपडली असती.

पालकांसही एक विनंती आहे. मुलांस ‘उत्तर पुस्तकाशीं जुळलें का?’ असें विचारण्यापेक्षां ‘हें उत्तर तुला खरें वाटतें का, व कां?’ असें विचारावें. त्यासाठीं पालकांस पदार्थविज्ञान येण्याची जरुरी नाहीं.

अभ्यासासाठीं उदाहरणें

(१) एका वस्तूचें जमिनीवर वजन ८०० न्यूटन आहे. पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर तिच्यावर बल किती?

(२) चंद्र पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून सुमारें ६० त्रिज्या दूर आहे. जमिनीवर पृथ्वीच्या आकर्षणाचें त्वरण ९.८ असेल, तर चंद्राजवळ तें किती? (न्यूटननें आपल्या नियमाचा पडताळा असाच पाहिला.)

(३) पृथ्वी व चंद्र यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ३,८४,००० किलोमीटर धरून, दोघांची ओढ जेथें समसमान होते, असें त्यांच्यामधील स्थान शोधा. (सूचना: ८१ चें वर्गमूळ घ्या.)

उत्तरें: (१) २०० न्यूटन. (२) सुमारें ०.००२७ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. (३) पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून ३,४५,६०० किलोमीटर.

उत्तरें आधीं पाहूं नयेत, हें सांगणें नलगे.