बाययुरेट : युरियापासून मिळणारे संयुग



अंड्याच्या पांढऱ्या बलकाची प्रथिन परीक्षा दाखवत होते. द्रावण जांभळं झालं, तशी एका मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे अंड्यात बाययुरेट असतं का?" प्रश्न छान आहे, कारण हा गैरसमज मोठ्यांचाही असतो. म्हणून आजचा हा पाठ.

तयार करण्याची पद्धत : कोरड्या परीक्षानळीत थोडा युरिया घेऊन मंद आचेवर तापवतात. साधारण १३३ अंश सेल्सिअसला तो वितळतो. आणखी तापवला की अमोनियाचा उग्र वास येतो आणि नळीच्या तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस निळा होतो. युरियाचे दोन रेणू जोडले जातात आणि अमोनियाचा एक रेणू बाहेर पडतो. हिशोब सोपा आहे : ६० + ६० − १७ = १०३. हेच बाययुरेटचे रेणुवस्तुमान. जास्त वेळ तापवल्यास मात्र सायन्युरिक आम्लासारखी दुसरी संयुगे तयार होतात.

गुणधर्म : पांढरा स्थायू. थंड पाण्यात कमी, गरम पाण्यात जास्त विरघळतो. त्याच्या द्रावणात कॉस्टिक सोडा आणि विरल मोरचुदाचे एक-दोन थेंब घातले की जांभळा रंग येतो.

मग अंड्याचं काय? अंड्यात बाययुरेट नसतं! बाययुरेटमध्ये कार्बन-ऑक्सिजन-नायट्रोजनची जशी जोडणी असते, तशीच प्रथिनांच्या साखळीत पुन्हा पुन्हा येते. तांब्याचे आयन तिथल्या नायट्रोजनशी बांधले जातात, म्हणून रंग सारखा दिसतो. परीक्षेला फक्त नाव बाययुरेटचं मिळालंय. साखरेच्या पाण्यात ही जोडणी नाही, म्हणून ते निळंच राहतं. दोन्ही नळ्या शेजारी ठेवा, मुलांना लगेच कळतं.

शेतकरी पालकांसाठी : युरिया खत बनवताना उष्णतेमुळे थोडं बाययुरेट तयार होतंच. भारतात खतातल्या युरियात त्याची मर्यादा वजनाने १.५ टक्के आहे. पानांवर फवारणी करताना ते जास्त असेल तर पानांचे शेंडे पिवळे पडतात, करपतात. संत्रा-मोसंबीला हा त्रास लवकर होतो. म्हणून फवारणीसाठी कमी बाययुरेटचा युरिया चांगला.

काळजी : कॉस्टिक सोडा त्वचा आणि डोळे भाजतो, मोरचूद विषारी आहे. प्रयोग शिक्षकांनीच चष्मा घालून, हवेशीर जागी करावा. मुलांनी बघावं, वहीत रंग नोंदवावा. घरी करायला देऊ नका. आणि वापरलेलं अंडं खायचं नाही, हे आधीच सांगा. कोणीतरी विचारतंच!