निळी ज्योत आणि कार्बन मोनॉक्साइड

चंदीगडच्या आंतरराष्ट्रीय विमानतळालगत, मोहालीच्या बाजूस, एरोसिटी ही नियोजित वसाहत आहे. धावपट्टीकडे संथपणे सरकणाऱ्या विमानाच्या इंजिनात केरोसीनच्या जातीचे इंधन जळते, तर अशा वसाहतींतील घरांत शेगडी किंवा गिझरमध्ये द्रवरूप पेट्रोलियम वायू जळतो. दोहोंच्या सामर्थ्याची तुलनाच होऊ शकत नाही. ज्वलनाचे रसायनशास्त्र मात्र बरेचसे सारखे आहे. केरोसीनमधील साधारणतः 8 ते 16 कार्बन अणूंचे रेणू उष्णतेने प्रथम तुटतात व त्यांपासून एथिलीन, प्रोपीन, मिथेन असे लहान रेणू निर्माण होतात. पुढचे ज्वलन मुख्यतः या लहान रेणूंचे असते. म्हणूनच लहान हायड्रोकार्बनांचा अभ्यास हा या शास्त्राचा पाया मानला जातो.

प्रोपेनच्या एका रेणूचा ऑक्सिजनच्या पाच रेणूंशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइडचे तीन व पाण्याचे चार रेणू तयार होतात, हे समीकरण विद्यार्थ्यांना पाठ असते. हिशेब म्हणून ते अचूक आहे. घटनाक्रम म्हणून नाही. सहा रेणू एकाच क्षणी एकमेकांवर आदळणे जवळजवळ अशक्य आहे. प्रत्यक्षात ज्वलन पुढे नेतात ते हायड्रोजन, ऑक्सिजन व हायड्रॉक्सिल यांचे अल्पायुषी मुक्त मूलक. हायड्रोजनचा एक अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला, की एकाच्या जागी दोन क्रियाशील कण उत्पन्न होतात आणि शृंखलेला फाटे फुटत जातात. अशा अभिक्रियांच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी निकोलाय सेम्योनोव्ह व सिरिल हिन्शेलवुड यांना 1956 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

इंधनातील कार्बनचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. मूलक प्रोपेनमधून हायड्रोजन ओढून घेतात. उरलेला भाग तुटतो. पुढे फॉर्माल्डिहाइडसारख्या टप्प्यांतून बहुतेक सर्व कार्बन प्रथम कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात येतो. म्हणजे हा विषारी वायू केवळ बिघडलेल्या ज्योतीतच जन्मतो असे नाही. उत्तम ज्योतीतही तो असतोच, फक्त ज्योत सोडण्यापूर्वी जळून जातो. हा शेवटचा टप्पा मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलकाच्या साहाय्याने पार पडतो. परंतु हायड्रॉक्सिलचा संयोग मूळ इंधनाशी अधिक वेगाने होतो. त्यामुळे इंधन संपत येईपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची पाळी येत नाही. प्रोपेनपासून मिळणाऱ्या उष्णतेचा सुमारे दोन पंचमांश हिस्सा या उशिरा होणाऱ्या टप्प्यात मुक्त होतो. हवा अपुरी पडली किंवा ज्योत अकाली थंड झाली, की हाच टप्पा प्रथम खुंटतो. जमिनीवर मंद गतीने चालणाऱ्या विमान इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड तुलनेने अधिक बाहेर पडतो, त्याचेही कारण ज्वलनकक्षातील कमी तापमान व कमी दाब हेच आहे.

ज्योतीचा निळा रंग उत्तेजित अवस्थेतील लहान कार्बनयुक्त मूलकांमुळे येतो, तर पिवळा रंग तापलेल्या काजळीच्या कणांमुळे. पिवळी ज्योत हवेच्या कमतरतेची सूचना देते हे खरे. पण निळी ज्योत म्हणजे पूर्ण सुरक्षितता, हा समज चुकीचा आहे. थंड पृष्ठभागावर आदळणारी निळी ज्योतही कार्बन मोनॉक्साइड मागे ठेवू शकते.

हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद असताना याचे गांभीर्य वाढते. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचे, तर गिझरला मिनिटाला सुमारे 16 ग्रॅम वायू लागतो व त्यासाठी 200 लिटरहून थोडी अधिक हवा. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब व सुमारे 2.4 मीटर उंच न्हाणीघरात 7,200 लिटर हवा मावते. ते पूर्णतः बंद असेल व ज्वलन तसेच चालू राहील, तर 15 मिनिटांत तेथील ऑक्सिजनपैकी दोन पंचमांशाहून अधिक संपेल. त्याच्या कितीतरी आधी ज्वलन अपूर्ण होऊ लागते.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हीमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट प्रबळपणे जखडला जातो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील वायूला वास यावा म्हणून मिसळलेले गंधद्रव्य ज्योतीत जळून जाते. त्यामुळे गळतीची सूचना देणारे नाक येथे निरुपयोगी ठरते. चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या चेताविकारतज्ज्ञांनी गॅस गिझरमुळे बाधा झालेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. न्हाणीघरात बेशुद्ध आढळलेल्या व्यक्तीला अपस्माराचा झटका आला असावा, असा अंदाज अशा प्रसंगी सहज बांधला जातो आणि खरे कारण दृष्टीआड राहते.

गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणणे, हा सर्वांत सोपा उपाय. जेथे ते शक्य नाही, तेथे ज्वलनासाठी हवा बाहेरून घेणारे व धूरही बाहेरच सोडणारे बंदिस्त रचनेचे उपकरण लागते. साध्या धुराड्याच्या गिझरजवळ केवळ हवा बाहेर फेकणारा पंखा लावणे मात्र धोक्याचे ठरू शकते. आत हवा येण्यास स्वतंत्र झरोका नसेल, तर असा पंखा धुराड्यातील वायू उलट खोलीत ओढून घेतो.