केमो सुरू असताना सूर्यनमस्कार?

प्रश्न : डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले, आता केमो सुरू आहे. सासूबाई म्हणतात, 'अंथरूण सोडू नको, त्या हातानं तांब्याही उचलू नको.' मी रोज सूर्यनमस्कार घालायचे. ते कायमचेच सुटले का?
– एक वाचक, जांब समर्थ (जि. जालना)

उत्तर : ताई, समर्थांच्या जन्मगावी नमस्कार सुटतील कसे! सासूबाईंची माया खरी, सल्ला मात्र जुना. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजेल या भीतीनं पूर्वी डॉक्टरही तेच सांगत. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, बेताबेतानं वाढवलेल्या वजनांच्या व्यायामानं हाताची सूज वाढली नाही. केमोच्या थकव्यावर नुसतं पडून राहणं हा उपाय नाही. चालण्यानं तो कमी होतो, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. व्यायाम औषधाच्या जोडीला, जागी नव्हे. केमोची तारीख चुकवू नका.

ऊन चढण्याआधी दहा मिनिटं चाला. बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढाच वेग. पुढं आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास जमला की छान. नमस्कारात भार हातांवर येतो, म्हणून आधी भिंतीवर बोटं चढवत खांदा मोकळा करा. सर्जननं होकार दिला की भिंतीला हात टेकून नमस्कार घाला, जमिनीवरचे त्यानंतर.

ताप 100.4 अंशांवर गेला, चक्कर, धाप, छातीत किंवा हाडांत दुखणं जाणवलं, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी असतील तेव्हाही विचारूनच. आणि डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट वाटू लागल्या, तर ती सूज असू शकते. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, आधीच दाखवा.