दुकानातल्या उजेडावर जाऊ नकोस

अगं, धनुष्याची साइट घ्यायला निघालीच आहेस तर आधी माझं ऐक. दुकानात सगळ्याच साइट छान दिसतात. डोक्यावर ट्यूबलाइट असते, नेम धरायच्या पिना हिरव्या-लाल लखलखतात. पण मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्याने शिकारीचा हंगाम उघडला की हरीण काही भर दुपारी समोर येऊन उभं राहणार नाही. ते बाहेर पडतं दिवेलागणीला. कायदा सूर्यास्तानंतर अर्धा तास मुभा देतो, आणि साइट घ्यायची ती त्या अर्ध्या तासासाठी.

म्हणून संध्याकाळी जा, आणि दाराबाहेर नेऊन बघू द्या म्हणून दुकानदाराला सांग. ०.०१० इंचाची बारीक पिन लांबच्या नेमाला चांगली, पण अंधारलं की दिसेनाशी होते. तू ०.०१९ ची घे. पिना तीन पुरेत: २०, ३० आणि ४० यार्डांच्या. पाच घेतल्यास तर ऐन वेळी कुठली कितीची, हाच गोंधळ. एक सरकती पिन असलेली साइट मोहात पाडेल. पण हरीण चार पावलं पुढे गेलं की पिन सरकवायचं चाक फिरवायला हात हलवावा लागतो, आणि व्हाइटटेल हरणाच्या नजरेतून तेवढंही सुटत नाही. पहिल्या वर्षी नकोच ती.

दोरीत बसवायची पीप, म्हणजे ज्यातून बघायचं ते भोक, तेसुद्धा पाव इंची घे. लहान भोकातून तिन्हीसांजेला काही दिसत नाही. डोळे मिटून दोरी ओढ, हात गालाशी रोजच्या जागी टेकव, मग डोळे उघड. पीपच्या गोलात साइटचा गोल नेमका बसायला हवा. त्यासाठी मान हलवावी लागली तर पीप वर-खाली करून घे.

आता नेम. २० यार्डांवर तीन बाण सोड. एका बाणावरून काही ठरवू नकोस. बाण जिकडे लागतायत तिकडेच साइट सरकव: डावीकडे लागले तर डावीकडे, वर लागले तर वर. उलटं वाटेल, पण पिन डावीकडे गेली की ती निशाण्यावर आणायला तू धनुष्य उजवीकडे नेतेस. साइटवरच्या पाणसळीचा बुडबुडा दर वेळी मधोमध हवा. २० ची पिन पक्की झाली की ३० ची फक्त वर-खाली कर.

एवढ्यावर थांबू नकोस. शिकारीचं पातं लावून, थंडीचं जाड जाकीट घालून पुन्हा सगळं तपास. पात्याचा बाण थोडा वेगळा जातो, आणि जाकिटाच्या बाहीला दोरी घासते. मचाणावरून सोडताना कमरेतून वाक, नुसता हात खाली नेऊ नकोस.

आणि सोने, आठ इंची कागदी ताटली टांग. हरणाचं काळीज-फुप्फुस साधारण तेवढ्याच जागेत असतं. नेम वीतभर चुकला तरी ते जनावर रात्रभर तडफडत फिरतं, आणि ते आपल्या हातून व्हायला नको. ३० यार्डांवरून सगळे बाण ताटलीत बसत नसतील, तर यंदा २० च्या पलीकडच्या हरणावर बाण सोडायचा नाही, कितीही मोठा नर असला तरी.