उच्चदाबाच्या वीजतारा आणि शेतकाम

२५ मे २०१७ रोजी निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच विजेच्या तारांत गुंतून कोसळले. सुदैवाने सर्वजण बचावले. एरवी शिवारातून गेलेल्या तारांकडे मान वर करून पाहण्याची सवय आपणांस नाही.

डीपीकडे येणारी वाहिनी ११ हजार व्होल्टची असते. डीपीतून पंपाकडे जाणारी सुमारे ४०० व्होल्टची. दोन्ही प्राणघातकच, परंतु पहिलीस स्पर्श होण्याचीही गरज नसते. लोखंडी वस्तू निकट जाताच ठिणगी झेप घेते. शेतातून जाणारी ही उघडी तार नियमाप्रमाणे जमिनीपासून निदान ४.६ मीटर, म्हणजे सुमारे १५ फूट उंच असावी लागते. बोअरमधील मोटार काढताना उभा होणारा लोखंडी पाइप २० फुटांचा असतो. हिशेब ज्याचा त्याने करावा! यास्तव बोअरची जागा तारांपासून दूर निवडावी. पूर्वीचे बोअर ताराखाली असल्यास वीज कर्मचाऱ्यांकडून वाहिनी बंद करविल्याखेरीज पाइपास हात घालू नये. उसाची उंच भरलेली ट्रॉली व कडब्याची गंजी यांविषयीही हीच दक्षता घ्यावी. डीपीवर चढून फ्यूज टाकण्याचे धाडस तर सर्वथा वर्ज्य.

‘कोरड्या काठीने माणूस सोडवावा’ ही शिकवण आपण वर्षानुवर्षे देत आलो. ती घरगुती विजेपुरतीच खरी आहे. ११ हजार व्होल्टपुढे काठीचा भरवसा धरू नये. सोडवावयास धावलेला दुसराही जळतो. तुटून पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीतही वीज उतरते. म्हणून निदान १० मीटर दूर राहावे. जवळ सापडल्यास पावले जुळवून, न उचलता, सरकत बाहेर यावे. तार निपचित दिसली तरी वाहिनी पुन्हा सुरू होऊ शकते. प्रथम १९१२ या क्रमांकावर कळवून वीज बंद झाल्याची खात्री करावी, मगच जवळ जावे.

श्वास थांबला असल्यास छाती दाबण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा व १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. भाजल्या जागी हळद, तेल वा शेण लावू नये. स्वच्छ कोरडे फडके झाकावे. हातापायावरील डाग रुपयाएवढा दिसला तरी आतील स्नायू जळालेले असतात, त्यामुळे पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून चालता-बोलता रुग्णही रुग्णालयात नेलाच पाहिजे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे दोन्ही क्रमांक, तसेच जवळच्या उपकेंद्राचा दूरध्वनी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पावसाळ्यापूर्वी ठळक अक्षरांत लिहून घ्यावेत.